गच्चीवरचं गरवं भात

मरोळ,
रविवार, मिस्सा आटोपून

प्रिय सिसिलिया मावशी,

तुझा आशीर्वाद मागून पत्राला सुरुवात करतो. तुझी साखर (रक्तातली), तुझी सून आणि तुझ्या विहिरीचं पाणी, तिन्ही ताब्यात असतील अशी आशा आहे. आम्ही सगळे बरे आहोत. आई तर माझ्यापेक्षा बरी आहे. हे सगळं फोनवरच सांगितलं असतं, पण आईला हल्ली ऐकू कमी येतं म्हणून आमच्या घरात फोन कायम स्पीकरवर असतो, आणि आमच्या गावठाणातली घरं एकमेकांना इतकी चिकटलेली आहेत की मी 'हॅलो' म्हटलं तर समोरच्या घरातून उत्तर येतं. शिवाय विषय आईचाच आहे. म्हणून हे पत्र तुझ्या जॉनीच्या हाती देतोय. तो उद्या गोराईला परत निघेल तेव्हा तुला मिळेल. वाचून झालं की चुलीत टाक. (तुझ्याकडे गॅस आहे हे मला ठाऊक आहे, पण अंघोळीच्या पाण्याची चूल अजून असेल.)

तू दर लग्नात मला विचारतेस की रिचर्ड, बाबा, तू नेमकं करतोस तरी काय, आणि मी तोंड उघडलं की नेमकं जेवणाचं ताट येतं. तर आता समोर ताट नाही तोवर वाच. भाताला निसवायची, म्हणजे लोंबी बाहेर टाकायची, वेळ झाली हे कळतं कसं, यावर मी वीस वर्षं काम करतोय. त्यातली चार जपानात गेली, तिथे मी भात खाल्ला कमी आणि मोजला जास्त. भाताच्या अंगात काही जनुकं असतात, ती रात्र मोजतात. दिवस नाही, रात्र. रात्र पुरेशी लांब झाली की वरून हुकूम सुटतो आणि महिन्याभरात लोंबी बाहेर पडते. मधेच कोणी थोडा वेळ जरी उजेड केला, तरी त्या रात्रीची मोजणी फुकट. आपल्याकडच्या गरव्या, उशिरा पिकणाऱ्या भातात ही जनुकं किती हट्टी असतात ते मी दाखवून दिलं. त्यावरचे माझे लेख तीन खंडांत वाचले जातात. घरात मात्र नॅटली लोकांना सांगते की आमचे हे शेतकी खात्यात आहेत. (बायकोला नवऱ्याचं काम कळू नये हे एका परीने बरंच असतं.) आणि शेजारणी न फुलणारे गुलाब घेऊन येतात, तेव्हा मी त्यांना थोडं शेणखत सांगतो. तेवढ्याने माझी कीर्ती टिकून आहे.

आता मुद्द्यावर येतो. आगेऱ्याच्या सणाला आपल्या देवळात नव्या भाताच्या लोंब्यांना आशीर्वाद देतात, पण मरोळात भात कुठे राहिलंय? शेतं गेली, कारखाने आले, आणि आता कारखानेही जाऊन काचेच्या इमारती आल्या. तुम्ही दोघी बहिणी लहानपणी फुलांच्या वेण्या घालून आपल्याच शेताच्या लोंब्या वेदीपुढे न्यायच्यात, हे आई दर ऑक्टोबरात सांगते. त्याला एक जन्म लोटला, आता आम्ही बाहेरून भारा विकत आणतो. यंदा आमच्या संशोधन केंद्राच्या बियाण्याच्या शीतगृहात मला एक पाकीट सापडलं. वर लिहिलं होतं, 'मरोळ, गरवं'. कोणा जुन्या माणसाने कधीकाळी आपल्याच एखाद्या शेतातून मूठभर बी नेऊन ठेवलं होतं. मी ते घरी आणलं तेव्हा आईने दाणे तळहातावर घेतले. म्हणाली, हे एकदा वेदीवर बघितलं की मी मोकळी. त्याच रविवारी फादरांनी सूचना द्यायला माइक माझ्या हाती दिला आणि मी सगळ्या देवळाला सांगून टाकलं की यंदाच्या लोंब्या मरोळच्याच असतील. एक म्हातारे उठून म्हणाले की गरवं भात दिवाळीनंतर तयार होतं, ते ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी कुठून आणणार? मी म्हटलं, काका, भाताला केव्हा निसवायचं ते मी सांगतो, भात मला नाही सांगत.

हे मी आजही म्हणेन.

उपाय साधा होता. गच्चीवर निळे प्लास्टिकचे ड्रम मांडले, त्यात बी पेरलं, आणि जुलैपासून रोज संध्याकाळी लवकर प्रत्येक ड्रमावर काळ्या कापडाची टोपी चढवायची, ती सकाळी उशिरा काढायची. भाताला वाटणार, रात्री लांबल्या, ऑक्टोबर संपत आला, निसवायला हवं. कापड मी छत्र्यांचं आणलं होतं. गच्चीवर एवढं काळं बघून खालच्या गल्लीत बातमी पसरली की आई गेली, आणि दोन घरांतून डबे आले. आईने ते स्वतः दारात जाऊन घेतले, वर तिखट कमी आहे असंही सांगितलं.

ऑगस्ट संपला. भात कमरेएवढं वाढलं, हिरवंगार, देखणं, आणि एक ड्रम सोडला तर ढिम्म. पोटरीत यायचं नाव नाही. मावशी, मी घाबरलो असं समजू नकोस. मी चिडलो. कुठून तरी उजेड येतोय हे उघड होतं. समोरच्या लॉजच्या नंदकिशोरशी त्याच्या लाल पाटीवरून भांडलो. (पाटी आता रात्री बंद असते. त्याची दोन गिऱ्हाइकं चुकून आमच्या घरात आली.) पालिकेच्या दिव्याला पुठ्ठा बांधायला चढलो तर खाली लोक जमले. शेवटी माझी विद्यार्थिनी प्रांजल हिने टोप्यांच्या आत उजेड मोजणारी यंत्रं ठेवली आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, 'सर, उजेड बाहेरून नाही येत. कोणीतरी टोपी उचलतं. रोज जेवणानंतर. एकेका ड्रमापाशी थांबत थांबत जातं.'

म्हणजे घातपात. मला त्या म्हाताऱ्या काकांचा संशय होता. त्या संध्याकाळी मी जेवण अर्धं टाकून गच्चीच्या दाराआड दबा धरून बसलो. थोड्या वेळाने जिन्यावरून आई आली. एका हाताने कठडा धरून, दर पायरीला थांबून, दुसऱ्या हातात बॅटरी. (आपली जुनी नाही, मीच नाताळात दिलेली, गाडीच्या दिव्यासारखी लख्ख.) तिने पहिल्या ड्रमाची टोपी काढली, बॅटरी भातावर धरली, आणि सावकाश नमो मरिया म्हटलं. मग म्हणाली, 'माते, माझ्या रिचर्डने माइकवरून सांगितलंय. चार लोकांत त्याचं हसं नको होऊ देऊस.' टोपी घातली. पुढचा ड्रम. पुन्हा तेच. प्रत्येक ड्रमाला माझं नाव.

मावशी, मी दाराआडच बसून राहिलो. जगात या विषयावर माझ्याएवढ्या अधिकाराने बोलणारी माणसं थोडी आहेत, पण तिला काय सांगणार होतो? की तू माझ्यासाठी प्रार्थना करतेस म्हणूनच भात येत नाही? मला रडू आलं. ती खाली गेल्यावर मी उरलेलं जेवण जेवलो.

तरी मी हरलो असं म्हणायचं कारण नाही. तो एक ड्रम टाकीच्या मागे आहे. तिथे जायला मोठा पाइप ओलांडावा लागतो, आणि आईच्या गुडघ्यांना ते जमत नाही. तो ड्रम ठरल्या वेळी निसवला, आता त्याच्या लोंब्या पिवळ्या पडू लागल्या आहेत. बाकी सगळे गवत. म्हणजे माझा सिद्धांत शंभर टक्के खरा ठरला. इतका चोख प्रयोग मी प्रयोगशाळेतही केलेला नाही, आणि तो छापताही येणार नाही. मदतनीस म्हणून आईचं नाव कसं घालू?

सुनेला आणि नातवंडांना आठवण सांग. औषध वेळेवर घे.

तुझाच,
रिचर्ड

ता. क. एका ड्रमाच्या लोंब्या म्हणजे मूठभर. त्या वेदीवर ठेवायच्या, शिवाय घरटी दारावर लावायला दोन-दोन द्यायच्या. पुरणार कशा? तुझ्या शेतातलं हळवं, लवकर येणारं भात एव्हाना पिवळं झालं असेल. त्यातला एक भारा गोणपाटात गुंडाळून आगेऱ्याच्या आदल्या दिवशी जॉनीबरोबर पाठव. मी तो आमच्यात मिसळीन. गोराईचं भात आणि मरोळचं भात नुसतं बघून ओळखणारी माणसं मुंबईत जेमतेम चार, आणि त्यातला एक मी. आईला अक्षरही कळू देऊ नकोस.

ता. क. २. वरचा ता. क. रद्द समज. मावशीला एवढं काय लिहितोयस, असं आईने समोर उभं राहून विचारलं. मी जगातल्या कुठल्याही परिसंवादात उत्तर टाळू शकतो, तिच्यासमोर नाही. भाऱ्याचं सांगितलं. (बॅटरीचं बोललो नाही, आणि तूही बोलायचं नाहीस.) ती म्हणाली, 'विकत आणत होतो ते तरी विकतचं म्हणून ठेवत होतो. खोटं वेदीवर जायचं नाही.' लोंब्या कापायच्या नाहीत, कापल्या की दाणे वाटून संपतील आणि मरोळचं बी पुन्हा जाईल, असंही तिने ठरवलं आहे. अख्खा निळा ड्रम, मातीसकट, वाजंत्रीच्या मागून वेदीपुढे न्यायचा. ती पुढे चालणार. तेव्हा भारा नको, पण जॉनीला नक्की पाठव, ड्रम चार माणसांना जड आहे. आणि तूही ये. गोराईहून होडी आहे, पलीकडे रिक्षा आहे, सबबी चालणार नाहीत. तिच्याबरोबर लोंब्या नेलेलं आता दुसरं कोणी उरलं नाही.

ता. क. ३. आत्ताच ती पुन्हा येऊन सांगून गेली. टाकीमागच्या ड्रमापर्यंत पोचता येत नव्हतं, म्हणून त्याच्या वाटची प्रार्थना ती रोज खाली खाटेवर बसूनच करायची, तीही अंधारात, डोळे मिटून. नेमका तोच आला, म्हणजे देवाला खाटेवरची जास्त पोचते. तर पुढच्या वर्षी सगळ्याच ड्रमांची ती खाटेवरूनच करणार, गच्चीवर पाऊल टाकणार नाही. मी गंभीरपणे मान हलवली. कारण साफ चुकीचं आणि निष्कर्ष अगदी अचूक. आमच्या क्षेत्रात एवढ्यावर लोक प्राध्यापक होतात.