प्रगत वर्गातून प्राथमिक वर्गात बसू देणेबाबत

प्रति,
मा. प्रशिक्षण अधिकारी,
लघुउद्योग प्रशिक्षण केंद्र,
दुसरा मजला, जिन्याशेजारील कार्यालय

विषय: सोशल मीडिया मार्केटिंग प्रशिक्षणात अर्जदारास प्रगत वर्गातून काढून प्राथमिक वर्गात, तेही येत्या गुरुवारच्या आत, बसू देणेबाबत.

संदर्भ: १) आपल्या कार्यालयाने प्रगत वर्गाच्या संमतीसाठी दुकानाच्या पेजवर पाठवलेला संदेश.
२) त्यास पेजवरून गेलेले "हो, नक्की! तुम्ही म्हणाल तसं करू" हे उत्तर, जे अर्जदाराने दिलेले नाही.

महोदय,

उपरोक्त विषयी अर्जदार सविनय सादर करते की, बाजाराच्या मागच्या गल्लीत तिचे शिलाई मशीन दुरुस्तीचे दुकान आहे. मशीन उघडणे, तेलपाणी करणे, टाका जुळवणे ही कामे पहिल्यापासून अर्जदाराची. गिऱ्हाइकांशी बोलणे हे खाते तिच्या यजमानांकडे होते. ते इतके बोलत की मशीन न्यायला आलेला माणूस मशीन विसरून घरी जाई. अर्जदार पडद्यामागे बसून हसत असे. या वाटणीत दोघांचे बरे चालले होते.

२. यजमान गेल्या वर्षी वारले. आजारपणात अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी पेजवरच्या पुढच्या पोस्ट लिहून प्रत्येकीला दिवस व वेळ लावून ठेवली, आणि कोणी संदेश पाठवल्यास आपोआप जाणारे उत्तरही लावले. अर्जदारास याचा पत्ता नव्हता. ते गेल्यावर दुकान पहिल्यांदा उघडले, त्या सकाळी पेजवर आले: "मंडळी, मशीन कुरकुरतंय? घेऊन या, मी आहेच!" अर्जदाराने स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवून ते दोनदा वाचले. तेव्हापासून पोस्ट येत आहेत, कधी लागोपाठ, कधी बरेच दिवस काहीच नाही. त्या वाचून नवी गिऱ्हाइके येतात व शेठ कुठे आहेत म्हणून विचारतात. अर्जदार मशीन पुढे ओढते.

३. आपल्या केंद्राने उमेदवारांची पातळी ठरवताना उमेदवार न तपासता त्यांची पेजे तपासली. त्यात अर्जदाराचे पेज अव्वल ठरले व त्यावर "भाषा जिवंत, प्रतिसाद तत्पर" असा शेरा पडला. वास्तविक साधा फोटो टाकायचा तरी अर्जदारास शेजारच्या झेरॉक्सवाल्या ताईंची मनधरणी करावी लागते. प्रगत वर्गात जाहिरातींचे आकडे भिंतीवर झळकतात आणि ती नंदीबैलासारखी मान डोलावते. पलीकडच्या खोलीत प्राथमिक वर्गाला पहिल्याच दिवशी "स्वतःविषयी दोन ओळी लिहा" हे शिकवले गेले. भिंतीतून ते ऐकू येत होते. अर्जदारास नेमके तेवढेच हवे आहे. यजमानांचे बोलणे कधीतरी संपेल, आणि मग दुकानाच्या वतीने तिलाच तोंड उघडावे लागेल.

४. याबाबत आपल्या लिपिकांस भेटले असता ते म्हणाले, "ताई, वर चढवा म्हणून लोक डोकं खातात. खाली उतरवा म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच. आणि तुमची लेखी संमती आहे ना!" ती संमती यजमानांची असल्याचे सांगून मृत्यूचा दाखला दाखवला. त्यावर, संमती देणाऱ्याने समक्ष हजर राहून ती मागे घ्यावी, असा शेरा मारून दाखला परत मिळाला. महोदय, यजमानांना समक्ष हजर करण्याची सोय अर्जदाराकडे असती, तर तिने ती वर्ग बदलण्यासाठी खर्ची घातली नसती.

५. आता मूळ मुद्दा. येत्या गुरुवारी प्रगत वर्गात "आगाऊ लावलेल्या पोस्ट उघडणे व काढणे" हा पाठ आहे. प्रशिक्षक मॅडम नमुना म्हणून अर्जदाराचेच पेज पडद्यावर उघडणार आहेत. कुठली पोस्ट कधी येणार, शेवटची कोणती, हे सगळे एका नजरेत दिसेल असे त्या कौतुकाने म्हणाल्या. त्यांनी पेजवर परवानगी मागितली व ती तात्काळ मिळाली: "हो, नक्की! तुम्ही म्हणाल तसं करू." अर्जदाराने पेजच्या पासवर्डसाठी यजमानांचा फोन घेऊन यावे, गैरहजर राहिल्यास तिचे नाव सर्वच वर्गांतून कमी होईल, अशी तोंडी सूचना आहे.

६. तो फोन दुकानाच्या खणात असतो. पोस्टचा फोनशी काही संबंध नाही, फोन बंद पडला तरी त्या येतच राहतील, असे मॅडमनी दोनदा समजावले. अर्जदारास ते पटले आहे. तरीही ती फोनची बॅटरी उतरू देत नाही.

मागच्या आठवड्यात पेजवर आले: "आमच्या मंडळी कमी बोलतात, पण मशीनचं दुखणं आवाजावरून ओळखतात. त्यांच्याशी बोलत जा." ते वाचून एक बाई आल्या, स्टुलावर बसल्या आणि माझ्याशी बोलू लागल्या. मला उत्तर सुचले नाही. ते मला शिकवा. मी मागच्या बाकावर बसेन, कोणाला त्रास देणार नाही. पण पुढचे काही उघडून दाखवू नका. उद्या त्यांचे काही येईल की नाही, हे मला ठाऊक नसते, म्हणून मी सकाळी शटर वर करते. तेवढे न कळणे माझ्याकडे राहू द्यावे, ही विनंती.

आपली नम्र,
(सही)
शिलाई मशीन दुरुस्तीवाली,
प्रगत वर्ग (चुकून)

दिनांक: सोमवार, गुरुवारच्या आधीचा

सोबत: १) मृत्यूच्या दाखल्याची प्रत, आपल्या शेऱ्यासह.
२) फोन जोडलेला नाही. तो चार्जिंगला आहे.