ह्यांच्या नावाचा क्रूस

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार
चर्चची मंडळी झावळ्या घेऊन घाटनांदुरातून गात गेली. मी मागं मागं. तोंड उघडलंच नाही. वत्सलाबाई म्हणाली, "शनिवारी कबरी पांढऱ्या करायच्यात, चुना भिजवलास का?" भिजवू कशाला? माझ्या माणसाला कबरच नाही!

१४ एप्रिल
ऊन लई. जेवले नाही.

१६ एप्रिल
दिवाळीत हे गेले तेव्हा मी दवाखान्यातच चक्कर येऊन पडले. मला धड उभं राहता येईस्तोवर दिरांनी ह्यांना त्यांच्या गावी, उमापूरला नेलं अन् घरच्या शेतात जाळलंसुद्धा. अग्नी दिला नवनाथनं — माझ्या पोटच्या पोरानं! हे म्हणजे लग्नाआधी बाप्तिस्मा घेतलेला माणूस. चर्चमध्ये माझ्या शेजारी बसून प्रभुभोजन घेणारा. तेव्हापासून नवनाथशी मी नीट बोललेले नाही.

आज पाळकसाहेबांकडं गेले. म्हटलं, जगाच्या शेवटच्या दिवशी मी कबरीतून उठेन, अन् शेजारी हे नसले तर? ते म्हणाले, "बाई, देवाला राख काय अन् माती काय!" त्यांना बोलायला काय जातंय. त्यांची बायको जिती हाय.

मग हट्टच धरला. कबरस्तानात माझ्यासाठी राखलेल्या जागेशेजारी ह्यांच्या नावाचा क्रूस लावायचा. शेवटी हो म्हणाले.

१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार
उपास. चर्चमध्ये रडले. प्रभूसाठी नाही — खोटं कावून लिहू?

१९ एप्रिल
नवनाथ लातूरहून आला. क्रूस त्यानंच रोवला. वर नाव — शहादेव, प्रभूमध्ये निजले. चुना मी लावला. हाताची आग आग झाली.

वत्सलाबाई म्हणाली, "कबर रिकामी तर रिकामी. प्रभूची तरी कुठं भरलेली होती गं!" मला हसू फुटलं. किती महिन्यांनी! नवनाथ हसला नाही. घरी त्याला भाकर वाढली, ठेचा वाढला. नुसता ताटाकडं बघत बसला.

२० एप्रिल, पुनरुत्थानाचा रविवार
पहाटे सगळे मेणबत्त्या घेऊन कबरींपाशी उभे. पाळकसाहेबांनी हाक दिली, "प्रभू उठला आहे!" आम्ही, "खरोखर उठला आहे!" माझाच आवाज सगळ्यांत मोठा. आता माझ्या शेजारी हे आहेत. मन एकदम हलकं झालं.

घरी येऊन नवनाथच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हटलं, "जाऊ दे बाबा. माफ केलं तुला." पोरगं ढसाढसा रडलं.

२१ एप्रिल
नवनाथ गेला. निघताना चपला घालत, माझ्याकडं न बघता म्हणाला, "काकाला बोल लावू नको, आई. जाळायचं बाबांनीच सांगितलं होतं, दवाखान्यात. म्हणाले — आईला कळू देऊ नको. तिला बरं वाटावं म्हणून जन्मभर चर्चला गेलो. तिच्या देवाची अन् माझी काही ओळख झाली नाही."