तीन टक्के

२८ जुलै
धारूरला पोचले. अर्जुनरावांच्या दारात सुंदरबाईंनी माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. कॉन्व्हेंटच्या अनाथ बोर्डिंगात वाढलेल्या मला असं कुणी कधी घरात घेतलं नव्हतं! अर्जुनरावांचं यकृत निकामी झालंय. दाता सहसा जवळच्या नात्यातलाच लागतो, म्हणून मुलगा सौरभ आपल्या यकृताचा तुकडा देणार. पण त्यात पस्तीस टक्के चरबी, डॉक्टरांना दहाच्या आत हवी. मी आहारतज्ज्ञ, म्हणून दोन महिने त्याचं ताट माझ्या हाती. माझ्या ताटात मात्र तुपाची धार. खावा की ताई, लई वाळलात, असं सुंदरबाईंचं चाललेलं.

९ ऑगस्ट
राखीपौर्णिमा. अर्जुनरावांना बहीण नाही. पिवळे डोळे भरून म्हणाले, आजपासून तुमीच. चौपन्नाव्या वर्षी पहिली राखी बांधली. फोटो किती काढले! घरच्या कागदांत नाव घालायला सुंदरबाईंनी आधारकार्ड मागून नेलं. बोर्डिंगात मला वाढवणाऱ्या सिस्टर अ‍ॅग्नेस असत्या तर कळवलं असतं, मला भाऊ मिळाला.

२३ ऑगस्ट
सौरभचं स्कॅन. यंत्राला घाबरला, म्हणून आधी मी झोपून दाखवलं. त्याची चरबी अडतीस. वाढली कशी? माझी तीन. रक्तगट ओ, कुणालाही चालणारा, हेही मी कौतुकानं सांगितलं. परतताना सुंदरबाई मला चिकटून बसल्या. माझा हात धरून.

२७ ऑगस्ट
स्वयंपाकाच्या छबुबाईनं सांगितलं, सुंदरबाई सौरभला लपून डिंकाचे लाडू चारतात. का, विचारलं. म्हणाली, एकुलतं एक पोरगं हाय ताई, माय कापू देईल व्हय?

२९ ऑगस्ट
माझ्या ताटात आज तूप नव्हतं. तेलाचा थेंबही नाही. सुंदरबाई हसल्या. आता जपाया पायजे, म्हणाल्या.

१ सप्टेंबर
फोन सापडत नाही. फाटकाला कुलूप. अर्जुनरावांच्या टेबलावर कागद – दाता म्हणून माझं नाव, त्यांचं आडनाव. नातं: सख्खी बहीण. सोबत राखीचे फोटो. खाली सही माझी. मी केलेली नाही.

२ सप्टेंबर
छबुबाईला काढलं. जाताना कुजबुजली, ताक पिऊ नका. पण ताक तर मी सकाळीच –

३
हात जड. दारात गाडी. सुंदरबाई भाकरतुकडा घेऊन उभ्या. सौरभ मान वर करत नाही. अर्जुनरावांच्या मनगटावर अजून राखी – कुणाला ही वही सापडली तर डॉक्टरांना सांगा – मला भाऊ नाही. मला कुणीच –