फाटक मीच उघडलं

प्रिय तेक्ला,

रशियनांनी आमची सगळी चौकी कैद केली, पण मी धडधाकट आहे. कोबीचं गरम सूप मिळतं. लाल गाय व्याली का?

सरहद्दीपलीकडच्या रशियन चौकीतला ग्रिगोरी आठवतो ना? आपल्या देशानं आणि रशियानं एकमेकांवर हल्ला न करण्याचा करार केला, तेव्हापासून सात वर्षं आम्ही चुकलेली गुरं परत करत होतो. त्या रविवारी तो फौज घेऊन आला. म्हणाला, "तुमच्यावर चालून आलेल्या जर्मनांना हाकलायला आलोय, फाटक उघड."

मी गाढवासारखं उघडलं. वर पाहुण्यासारखं पाव-मीठही दिलं. मेल्यानं ते चवीनं खाल्लं, मग माझी बंदूक मागितली.

तो आपल्या दारी येईल. लाल गाय त्यानंच आणून दिली होती, म्हणून तुला भला वाटेल. मलाही वाटला होता.

कडी लावून घे.

तुझाच,
झेनोन