'कन्सेप्ट' कोणी लिहिला?

सोमवार, ४ मार्च
आमच्या कोशाच्या कचेरीत सहसंपादकाची जागा रिकामी झाली. हक्काने माझी. पण मुख्य संपादकाने (मी त्याला मनात घुबड म्हणतो) अट घातली: 'कन्सेप्ट' या शब्दाची नोंद मी आणि शेजारच्या टेबलावरच्या चष्मेवाल्याने वेगवेगळी लिहायची. इथल्या रीतीप्रमाणे दोन्ही नोंदी नाव न सांगता सगळ्यांसमोर वाचणार. पसंत पडेल त्याला जागा. चष्मेवाला म्हणजे दगड. कीव येते.

मंगळवार, ५ मार्च
कल्पना, संकल्पना, धारणा: तिन्हींतला भेद मुळापासून मांडणार. उद्या पहाटे उठून सुरुवात.

बुधवार, ६ मार्च
पहाट हुकली. बायको मुद्दाम भांडी आपटते. दुपारी आडवं होऊन चिंतन केलं. ती त्याला घोरणं म्हणते. या घरात विचाराला काडीची किंमत नाही.

गुरुवार, ७ मार्च. संध्याकाळ
नोंद डोक्यात तयार. उरलं फक्त कारकुनी काम. बायकोला सगळं तोंडी समजावलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, म्हणजे ऐकत असणार. म्हटलं, लिही आणि परस्पर टाइपिस्टला पाठव. वाचून बघा म्हणाली. मी फार दमलो होतो.

शुक्रवार, ८ मार्च
घुबडाने पहिली नोंद वाचली. "कन्सेप्ट: डोक्यात असलेली गोष्ट. उदाहरण: यांच्याकडे घर आवरण्याचा कन्सेप्ट आहे, आवरलेलं घर नाही." सगळे खो खो हसले. चष्मेवाल्याचा पोरकटपणा! मी उठून सालटं काढली. असल्या माणसाला सहसंपादक करणं म्हणजे कोशाचा गळा घोटणं, असं स्पष्ट सांगितलं. दुसरी नोंद लांबलचक, जड, अभ्यासू. माझं चिंतन बायकोने बरोबर उतरवलं होतं. जागा ही नोंद लिहिणाऱ्यालाच द्या म्हणालो.
घुबड म्हणालं, "सगळ्यांना पहिली आवडली होती. ती तुमची. पण तुमच्याइतकं ठाम कोणीच बोललं नाही."
मी ताबडतोब खुलासा केला, की ती माझी नव्हेच, बायकोने लिहिली. मग सगळ्यांनी चष्मेवाल्याचं अभिनंदन केलं.

शनिवार, ९ मार्च
तुझ्यामुळे माझी जागा गेली, असं बायकोला खडसावलं. तिने विचारलं, "मग तुम्ही काय लिहिणार होतात?"
सडेतोड उत्तर देणार आहे. उद्या.