फोटोत उरलेला तुझा हात

प्रिय मालती,

आज सकाळी शेजारच्या हेंकचे पडदे अजून बंदच दिसले, आणि तुझ्याशी बोलल्यावाचून राहवेना. इथे भरदिवसा कुणी पडदे ओढत नाही, हे तूच मला कौतुकानं दाखवलं होतंस. या डच गावात, रायस्वाइकात येऊन इतकी वर्षं झाली, पण आपले पडदे बंद राहिले ते फक्त या एप्रिलमध्ये. तू गेलीस तेव्हा.

साथीमुळे हॉस्पिटलनं मला आत सोडलं नाही गं! शेवटी तुझा श्वास ऐकला तो फोनवर. अजून जिन्यात तुझ्या बांगड्या वाजतात. मी हाक मारतो. खालून सून विचारते, "आबा, काही हवंय का?" काय सांगू तिला?

आपला इथला पहिला डिसेंबर आठवतो? मुलांना खाऊ वाटणाऱ्या त्या पांढऱ्या दाढीच्या संताचा सण. हेंक संताचा नोकर झाला होता. तोंडभर काळा रंग, लालभडक ओठ, कुरळ्या केसांचा टोप, पाठीवर खाऊची पोतडी. आणि तू काय म्हणालीस! "अहो, केवढी ही तीट! साऱ्या गल्लीतल्या पोरांची दृष्ट एकटाच अंगावर घेतोय बिचारा." त्याच्या खांद्यावर हात ठेवून हसत फोटो काढलास, तो चौकटीत घालून भिंतीवर लावलास.

मग एकदा तुझी सुरिनामची, आफ्रिकी वंशाची मैत्रीण ग्लोरिया चहाला आली. फोटो पाहिला आणि तिचा चहा तसाच निवला. म्हणाली, "माझ्या नातवाला दर डिसेंबरला वर्गातली मुलं विचारतात, तुझी खाऊची पोतडी कुठंय?" त्या संध्याकाळी तू फोटो उतरवलास. दुसऱ्या दिवशी एकटी हेंककडे गेलीस. परत आल्यावर म्हणालीस, "एक बिस्कीट दिलं आणि डबा बंद! पण ऐकून घेतलं हो त्यानं."

दोन वर्षं तो फुरंगटून होता. तिसऱ्या डिसेंबरला उघड्या चेहऱ्यानं आला. पोरांनी ओळखलं, "हेंक आजोबा!" म्हणून ओरडली, आणि सण काही बुडाला नाही.

या जूनमध्ये आपली नात सई मला मोर्चाला घेऊन गेली. समुद्रापार पोलिसाच्या गुडघ्याखाली एका काळ्या माणसाचा श्वास कोंडला होता. तुला कुणी मारलं नाही, मला कळतं. तरी त्याच्याविषयी वाचताना मला तुझाच श्वास ऐकू येत होता. मैदानात सगळे मास्क लावून, अंतर राखून उभे. घोषणांना ठेका होता, शाळेत बाई कविता चालीवर म्हणून घेत तसा. मीही टाळ्या वाजवल्या. खरं सांगू? तू गेल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा मी माणसांत होतो.

पण मग हा नोव्हेंबर आला. सईच्या गटातली वीसेक पोरं ढोल घेऊन हेंकच्या दारात. "बाहेर ये!" आत तो एकटा, ऐंशीचा. कुणीतरी काचेवर काळा रंग फेकला. कारण एक फोटो सगळ्यांच्या फोनवर फिरत होता. सईच्या फोनवर मी तो पाहिला. काळ्या तोंडाचा हेंक, आणि त्याच्या खांद्यावर एक हात. हिरव्या बांगड्यांचा. बाकीची तू कापलेली!

"सई, हा आपल्या कपाटातला."

"हो. मीच दिला."

"त्यानं रंग लावणं सोडलंय, ठाऊक होतं ना तुला?"

"आबा, त्या एकट्यानं सोडून काय होतं? आजीला एका माणसामागे दोन वर्षं लागली. ग्लोरियाच्या नातवानं अजून किती थांबायचं?" ती हे निम्मं डचमध्ये बोलली, पण मला लागायचं तेवढं लागलं.

तू काय म्हणाली असतीस, मालती? मी म्हटलं, "नका थांबू. पालिकेसमोर जा, शाळेसमोर जा, घसा बसेपर्यंत ओरडा, मी येतो. पण एकट्या म्हाताऱ्याच्या उंबऱ्यावर वीस जणांनी जायचं? आणि जो सुधारला त्यालाच झोडपलं, तर उद्या सुधारेल कोण?"

फोनवरच्या त्या हातावर बोट ठेवून मी विचारलं,

"आणि आजीला का कापलंस?"

फोन पालथा ठेवून म्हणाली, "ती असती तर कुणाला राग आला नसता."

काल तिनं गटाला सगळं खरं कळवलं. तिकडून उत्तर आलं, 'म्हाताऱ्यांची वकील.' रडली, पण लिहिलेलं मागे घेतलं नाही. आज दुपारी आम्ही दोघं हेंकच्या दारात गेलो. पत्रं टाकायच्या फटीशी वाकून सई म्हणाली, "फोटो मी दिला होता. तुम्ही रंग सोडलात, हे माहीत असून." आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बस. दार उघडलं नाही.

शब्द देतो तुला. शनिवारी पुन्हा मोर्चा आहे, मी सईबरोबर जाणार, फलकाचं एक टोक धरणार. आणि उद्या दहाला, कॉफीच्या वेळी, हेंकच्या दारात उभा राहणार. परवाही. सई म्हणते, "आबा, दोन्हीकडे उभं राहता येत नाही." बघू या. गुडघे साथ देतील तोवर तरी राहीन.

तुझा,
अनंत