घराची किंमत काढायला साहेब आले तेव्हा

सातारा, मंगळवार

तीर्थरूप लालासाहेब दाजींच्या पायी धाकट्या मेहुण्याचा, नानासोचा, दंडवत (सोफा उचलताना कंबर धरलीय, त्यामुळं मनातल्या मनात). आक्काची साखर कशी आहे? तासगावात ढग आलेत म्हणे. तुमचा बेदाणा भिजू नये म्हणून मी इथं नारळ बोललोय. (फोडीन तेव्हा फोडीन.)

आता आमचं. वास्तुशांतीला तुम्ही जेवून गेलात, त्या फ्लॅटला तीन महिने झाले. वीस वर्षं पलटणीत काढलेला माणूस मी, स्वतःच्या भिंतीवर हात फिरवत बसायचो. तेवढ्यात बँकेतल्या एका गोड आवाजाच्या बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "सर, तुमच्या घरात पैसा नुसता पडून आहे." मी आधी माळा बघितला. मग त्यांनी समजावलं, की निवृत्तीचे जे पैसे मी घरात घातले, ते भिंतींत अडकलेत. घर तारण ठेवलं की कर्ज म्हणून बाहेर येतील. म्हणजे माझेच पैसे मला व्याजानं! पण दाजी, त्यांनी ते असं काही सांगितलं, की मी श्रीमंत असल्याचा मलाच संशय यायला लागला. घरासाठी आधीच काढलेल्या कर्जाचे हप्ते तीनच फेडले होते. अर्जात लिहिलं, 'घर सजवण्यासाठी'.

अट एकच, बँकेचे साहेब येऊन घराची किंमत काढणार. मी जनरलसाहेब यायचे असल्यासारखी तयारी केली. शेजारच्या भामाबाईंचा सोफा एका दिवसापुरता आणला. बेडरूमच्या ओल आलेल्या भिंतीवर महाबळेश्वरचं भलंमोठं चित्र चिकटवलं. आमच्या हिला, पूजाला, एवढंच सांगितलं की साहेब घर बघायला येणार आहेत. कसले साहेब, ते सांगायचं राहिलं. (राहिलं कसलं, ठेवलं. फ्लॅट दोघांच्या नावावर, सही तिचीही लागणार. म्हटलं, मंजूर झाल्यावर बघू.)

तिला वाटलं, बिल्डरचा माणूस तक्रारी ऐकायला आला. साहेबांनी बूट काढायच्या आत म्हणाली, "आवं, या. आधी ही भिंत बघा." आणि महाबळेश्वर टराटरा फाडलं. "लिफ्ट मधीच अडकती. पाणी एक दिसाआड. ही खिडकी लावली तर उघडत न्हाई, उघडली तर लागत न्हाई." साहेब भराभर लिहून घेत होते. मी मागून "तसं काय न्हाई" म्हणत होतो. शेवटी चहा पिताना ते म्हणाले, "सोफा मात्र छान आहे." ही म्हणाली, "त्यो भामाबाईंचा हाय."

आठ दिवसांनी अहवाल आला. घर घेतलं त्याहून चार लाखांनी उतरलं होतं. कर्ज नामंजूर. बाईंचा आवाजही उतरला होता.

पूजाला सगळं कळलं. ओरडली नाही, तेच वाईट. एवढंच म्हणाली, "माज्यासंगं नऊ क्वार्टर बदललं तुमी. हितं पाठ टेकली तवा वाटलं, आता कुणी उठवनार न्हाई." दाजी, मला मान वर करता येईना.

दुसऱ्या दिवशी तोच अहवाल आणि सोसायटीतल्या अकरा बायका घेऊन ती बिल्डरच्या ऑफिसात जाऊन बसली. बँकेचा शिक्का बघून त्यानं तिथूनच गवंड्याला फोन लावला. आज आमच्याकडं गवंडी कामाला आहे. मी म्हणतो, झालं ते बरंच झालं. माणसानं आहे त्यात समाधान मानावं.

तुमचा,
नानासो

ता. क. : खरं तर घर सजवायचं नव्हतंच. मेढ्याकडं डोंगरात फार्महाऊसचा प्लॉट बघितलाय. एक्कावन्न हजार बयाणा देऊन बसलोय. बेदाणा विकला की पाच लाख हातउसने द्या. पूजाला बोलू नका.

आणखी ता. क. (अक्षर माजं, पूजाचं) : दाजी, पाकीट टाकायला माज्याकडंच दिलंया. बयान्याची पावती मला धुण्यातल्या प्यांटीत घावली. मागल्याच आठवड्यात मेढ्याला जाऊन पैसं परत आणलं, पोस्टात ठेवलं. तुमी एक रुपया धाडू नका. आन ह्यांना सांगूबी नका. प्लॉट हाय ह्या खुशीत रोज सकाळी भांडी घासत्यात.